कर्करोग-संशोधकाची प्रकाशनसूची आणि उद्धरणांचा प्रभाव: नोंद कशी तयार करावी

कर्करोग रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या संशोधन सहायकावर, ग्रंथपालावर किंवा निवासी डॉक्टरवर हे काम हमखास येते. वरिष्ठांची बढती असते, अनुदानाचा प्रस्ताव असतो, एखादा पुरस्कार असतो किंवा विभागाचा वार्षिक अहवाल असतो. त्या वेळी “सरांचे सगळे पेपर आणि सायटेशन काढून द्या” एवढीच सूचना मिळते आणि तीही बहुधा दोन दिवस आधी. सायटेशन म्हणजे उद्धरण, दुसऱ्या निबंधाने आपल्या निबंधाचा दिलेला संदर्भ. मी हे काम अनेक संशोधकांसाठी केले आहे. ते तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही, परंतु त्यात फसण्याच्या जागा पुष्कळ आहेत. या लेखात मी क्रमाने सांगतो की कुठून सुरुवात करावी, काय ताडून पाहावे आणि कोणत्या आकड्यावर किती भिस्त ठेवावी.

उदाहरणासाठी दोन निबंध शेवटपर्यंत सोबत घेऊ. पहिला निबंध २०१५ चा आहे. तेव्हा टाटा मेमोरियलमध्ये असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी तोंडाच्या कर्करोगात मानेतील लसिकाग्रंथी कधी काढाव्यात यावर केलेली ही चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाली. दुसरा निबंध २००९ चा, त्याच नियतकालिकातला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीच्या पद्धतींची तुलना त्यात केली आहे. त्याचे प्रथम लेखक डॉ. आर. शंकरनारायणन असून बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाचा त्या कामात मोठा वाटा होता. दोन्ही निबंध भारतातल्या रुग्णांवरचे आहेत आणि दोन्ही जगभर उद्धृत झाले आहेत. नोंद करताना ज्या अडचणी येतात त्या बहुतेक सगळ्या या दोहोंत सापडतात.

कामाला बसण्यापूर्वी जवळ असावे असे काही

• संशोधकाने स्वतः ठेवलेला परिचयपत्रातील निबंधांचा तक्ता, अर्धवट असला तरी.
• त्यांचा ऑर्किड क्रमांक. हा सोळा अंकी ओळखक्रमांक २०१२ पासून विनामूल्य मिळतो आणि त्याचे शेवटचे स्थान कधीकधी अंकाऐवजी ‘एक्स’ या अक्षराचे असते.
• नाव आजवर कोणकोणत्या रूपांत छापले गेले त्याची यादी.
• कोणत्या वर्षी कोणत्या संस्थेत काम केले त्याची यादी, परदेशातील प्रशिक्षणकाळासह.
• चाचण्यांचे नोंदणी क्रमांक, म्हणजे सीटीआरआय (भारतातील चाचण्यांची नोंदवही) किंवा क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह (अमेरिकेची नोंदवही) येथील क्रमांक.
• निबंध आणि उद्धरणे नोंदणाऱ्या स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्स या सूची पाहण्याची सोय. ही दोन्ही सशुल्क असल्याने ग्रंथालयाकडे आधीच विचारून ठेवावे.
• एक साधी एक्सेल फाइल आणि झोटेरोसारखे संदर्भ जपणारे विनामूल्य साधन.
• संशोधकाची संमती आणि त्यांचा तासभर वेळ. हा तास कामाच्या शेवटी लागतो आणि तो मिळाला नाही तर यादी अपुरी राहते.

१. ही नोंद कशासाठी आहे ते आधी लेखी विचारून घ्या

बढतीसाठी लागणारी यादी आणि अनुदानासाठी लागणारी यादी वेगळी असते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२२ च्या शिक्षक-पात्रता नियमांत ठराविक सूचींत समाविष्ट असलेल्या नियतकालिकांतील ठराविक प्रकारचेच लेखन धरले जात होते आणि लेखक पहिल्या तिघांत किंवा पत्रव्यवहार सांभाळणारा असावा अशी अट होती. जुलै २०२५ मध्ये नवे नियम आले. म्हणून सहकाऱ्याने दिलेल्या जुन्या छायाप्रतीवर विसंबून न राहता, अर्जाच्या तारखेला लागू असलेली प्रत आयोगाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी. अनुदानाच्या अर्जात बहुधा गेल्या पाच वर्षांचे काम विचारतात, तर पुरस्कार समितीला निवडक निबंध आणि त्यांचे महत्त्व हवे असते. हेतू कळला नाही तर तुम्ही सगळेच गोळा करता आणि ज्याला ते वाचायचे आहे त्याला हवे ते सापडत नाही.

२. नावाची सगळी रूपे आणि गावांची जुनी नावे गोळा करा

सर्वाधिक निबंध इथेच निसटतात. डिक्रूझ हे आडनाव इंग्रजीत लिहिताना ‘डी’नंतर वर उलटा स्वल्पविराम येतो. कुठे तो चिन्हासकट छापला जातो, कुठे चिन्ह गळते, कुठे ‘डी’ आणि ‘क्रूझ’ यांत जागा सुटते आणि मग एकच माणूस सूचीत तीन जणांसारखा दिसतो. गोव्यातील आणि वसईतील अनेक आडनावांना ही अडचण आहे. शंकरनारायणन यांच्या बाबतीत गोष्ट वेगळी आहे. दक्षिणेकडील पद्धतीनुसार मोठे नाव त्यांचे स्वतःचे आहे आणि आद्याक्षर वेगळ्या कारणाने आलेले आहे, पण आंतरराष्ट्रीय सूची त्या मोठ्या नावालाच आडनाव समजतात. इतर दाक्षिणात्य लेखकांचे निबंध शोधताना नाव आणि आद्याक्षर उलटसुलट करूनही पाहावे लागते.

मराठी नावांचा घोळ याच्या उलट बाजूचा आहे. पाटील, जोशी, कुलकर्णी, देशमुख या आडनावांची आणि एका आद्याक्षराची माणसे एकाच शहरात, एकाच विषयात डझनाने असतात. वडिलांच्या नावाचे मधले आद्याक्षर काही निबंधांत असते, काहींत नसते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकांचे सुरुवातीचे काम तर पूर्णपणे वेगळ्या नावाखाली पडून राहते. पदव्युत्तर शिक्षणाच्या काळातले त्यांचे निबंध आवर्जून विचारून घ्या, कारण सूची ते आपोआप कधीच जोडत नाही. पबमेडमध्ये, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत, साधारण २००२ पूर्वीच्या नोंदींत लेखकाचे पूर्ण नाव नसून फक्त आद्याक्षरे आहेत. त्या काळातल्या निबंधांसाठी पूर्ण नावाचा शोध व्यर्थ जातो.

गावांच्या आणि संस्थांच्या नावांचेही तसेच आहे. १९९५ पूर्वीच्या निबंधांवर ‘बॉम्बे’ छापलेले आहे. उस्मानाबादचे नाव २०२३ मध्ये धाराशिव झाले, परंतु तिथल्या सर्व जुन्या चाचण्या उस्मानाबाद याच नावाने सापडतील. टाटा मेमोरियलमधील एकाच विभागाचे काम ‘टाटा मेमोरियल हॉस्पिटल’, ‘टाटा मेमोरियल सेंटर’, खारघरचे ‘ॲक्ट्रेक’ आणि ‘होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट’ अशा चार नावांखाली विखुरलेले असू शकते. ही सर्व रूपे एका कागदावर लिहून मगच शोध सुरू करा.

३. पबमेडवर पायाची यादी बांधा

पबमेड विनामूल्य आहे, वैद्यकापुरते मर्यादित आहे आणि त्यात काय आहे व काय नाही हे ठरवणारी माणसे आहेत. म्हणून पाया इथेच घालावा. ‘ॲडव्हान्स्ड’ या दुव्यावर जाऊन ‘ऑथर’ हे क्षेत्र निवडा आणि नावाचे प्रत्येक रूप ‘ऑर’ने जोडत जा. नाव फार सामान्य असेल तर ‘ॲफिलिएशन’ या क्षेत्रात संस्था किंवा शहर घालून गाळणी लावा. ऑर्किड क्रमांकाने वेगळा शोध घ्या आणि दोन्ही निकाल ताडून पाहा. ऑर्किडच्या शोधात जुने निबंध जवळपास येणारच नाहीत.

संस्थेची गाळणी लावताना एक गोष्ट ठाऊक असायलाच हवी. १९८८ ते २०१३ या काळातील पबमेडच्या नोंदींत केवळ प्रथम लेखकाचीच संस्था नोंदलेली आहे. सर्व लेखकांच्या संस्था २०१४ पासून येऊ लागल्या. आपला २००९ चा निबंध घ्या. त्याचे प्रथम लेखक तेव्हा फ्रान्समधील लिऑं येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत होते. बार्शीच्या किंवा मुंबईच्या सहलेखकासाठी शोध घेताना तुम्ही ‘बार्शी’ किंवा ‘टाटा’ ही गाळणी लावली, तर त्यांच्या कारकिर्दीतील कदाचित सर्वांत महत्त्वाचा हा निबंध यादीत येणार नाही. ग्रामीण महाराष्ट्रात वर्षानुवर्षे घरोघरी फिरून काम केलेल्या माणसांचे श्रेय अशा एका गाळणीमुळे हरवते. २०१३ पर्यंतच्या काळासाठी गाळणी काढून टाका आणि निकाल एकेक करून डोळ्यांनी पाहा. वेळ लागतो, पण त्याला दुसरा उपाय नाही.

लेखकसंख्येचीही अशीच मर्यादा होती. १९८४ ते १९९५ या काळात एका निबंधाचे दहापर्यंतच लेखक नोंदले जात होते आणि त्यानंतर काही वर्षे चोवीस-पंचवीसपर्यंत. अकराव्या स्थानावरचा लेखक त्या काळच्या नोंदीत नसेल, तर मूळ छापील निबंधाची प्रत पुरावा म्हणून जोडावी.

याच्या उलट एक फसगत आहे. अनेक देशांत चालणाऱ्या मोठ्या चाचण्यांत शेकडो डॉक्टर सहभागी असतात. त्यांची नावे लेखक म्हणून न येता ‘कोलॅबोरेटर’ (सहयोगी) म्हणून येतात. पबमेड ती वेगळी दाखवते. ती यादीत जरूर घ्या, परंतु वेगळ्या शीर्षकाखाली. त्यांना लेखकांत मिसळणे चुकीचे आहे आणि परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येते.

४. दुसऱ्या सूचींशी ताडून पाहा आणि दुबार नोंदी काढून टाका

स्कोपसमध्ये प्रत्येक लेखकाला यंत्राने एक क्रमांक दिलेला असतो. एकाच व्यक्तीचे दोन-तीन क्रमांक असणे किंवा एकाच क्रमांकाखाली दोन व्यक्तींचे काम असणे, ही दोन्ही दुखणी सर्रास आढळतात. ती दुरुस्त करण्यासाठी तिथेच अर्ज करता येतो आणि तो विनामूल्य असतो, मात्र दुरुस्तीला वेळ लागतो. म्हणून हे काम सर्वांत आधी सुरू करून ठेवा. वेब ऑफ सायन्सची निवड अधिक काटेकोर असल्याने तिथे भारतीय नियतकालिकांतील बराच मजकूर नसतो. गुगल स्कॉलर सर्वांत मोठे जाळे टाकते. प्रबंध, पुस्तकातील प्रकरणे, अधिवेशनातील गोषवारे आणि पूर्वप्रती (प्रीप्रिंट) सगळे त्यात येते. परंतु त्याच्या व्यक्तिगत पानावर नवे लेख आपोआप जोडले जातात आणि नामसाधर्म्यामुळे भलत्याच विषयातले निबंधही चढतात. हे आपोआप जोडणे बंद करून ‘मला विचारून जोडा’ हा पर्याय ठेवावा.

सर्व नोंदी एका तक्त्यात आल्या की डीओआय क्रमांकाने, म्हणजे निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन ओळखक्रमांकाने, जुळवाजुळव करा. कर्करोगाच्या क्षेत्रात एकाच कामाची अनेक रूपे असणे हा नियमच आहे. २०१५ ची आपली चाचणी अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजीच्या, म्हणजे ॲस्कोच्या, वार्षिक अधिवेशनात मांडली गेली, त्याचा गोषवारा वेगळा आहे. निबंध ऑनलाइन मे अखेरीस आला आणि छापील अंक ऑगस्टचा आहे. पुढे त्यावर पत्रे आली आणि लेखकांनी दिलेले उत्तर ही पबमेडमध्ये आणखी एक स्वतंत्र नोंद असते. या सगळ्यांना वेगवेगळे निबंध धरले तर एका चाचणीचे चार निबंध होतात. तक्त्यात मुख्य निबंध एका ओळीवर घ्या आणि बाकीची रूपे त्याच ओळीतील शेऱ्यात नोंदवा.

५. प्रत्येक निबंधाचा प्रकार आणि लेखकाचे स्थान लिहा

मूळ संशोधन, पद्धतशीर आढावा, रुग्णवृत्त, संपादकाला पत्र, तज्ज्ञांचे सहमतीपत्र, मार्गदर्शिका: हे प्रकार वेगळ्या रकान्यात असावेत. लेखकाचे स्थान प्रथम, मधले, शेवटचे की पत्रव्यवहार सांभाळणारे, हेही असावे. कर्करोग-चाचण्यांत प्रथम लेखकाने बहुधा काम प्रत्यक्ष चालवलेले असते आणि शेवटच्या स्थानावर विभागाचा किंवा चाचणीचा प्रमुख असतो. सांख्यिकीतज्ज्ञ मात्र जवळपास नेहमी मध्ये असतो. त्याच्या नोंदीत ‘मधला लेखक’ हा शब्द कमीपणाचा वाटू नये, म्हणून त्याने काय केले ते एका ओळीत लिहावे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकपदासाठी चार अटी ठरवल्या आहेत आणि बहुतेक मोठी नियतकालिके निबंधाच्या शेवटी कुणाचा काय वाटा ते छापतात. ते वाक्य तिथून जसेच्या तसे उचलावे, आपल्या मनाने लिहू नये.

६. उद्धरणे मोजा, पण प्रत्येक आकड्यासोबत स्रोत आणि तारीख लिहा

एकाच निबंधाची उद्धरणसंख्या तीन ठिकाणी तीन निघते. गुगल स्कॉलरवर ती बहुधा सर्वांत मोठी, स्कोपसवर मधली आणि वेब ऑफ सायन्सवर लहान असते. पबमेडवर ‘साइटेड बाय’ म्हणून जी यादी दिसते ती मुख्यतः पबमेड सेंट्रल या संपूर्ण निबंधांच्या खुल्या साठ्यातील मजकुरावर बेतलेली असल्याने आणखी लहान असते. यातला कोणताच आकडा खोटा नाही, मोजण्याची जागा वेगळी आहे. गफलत तेव्हा होते जेव्हा एका संशोधकाचा आकडा एका ठिकाणाहून आणि त्याच्याशी तुलना करायच्या दुसऱ्याचा आकडा भलतीकडून घेतला जातो. तसे कधीही करू नका.

एच-निर्देशांक हा २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला आकडा आहे. निबंध उद्धरणांच्या उतरत्या क्रमाने लावायचे आणि ज्या क्रमांकापर्यंत उद्धरणे त्या क्रमांकाइतकी किंवा अधिक आहेत तिथे थांबायचे. समजा, पाच निबंधांना अनुक्रमे ४०, १२, ५, ४ आणि २ उद्धरणे आहेत. चौथ्या निबंधाला चार आहेत, पाचव्याला मात्र पाच नाहीत, म्हणून निर्देशांक ४. यावरून त्याचे दोष उघड होतात. पहिल्या निबंधाला ४० ऐवजी ४,००० उद्धरणे असती तरी निर्देशांक ४ च राहिला असता. तो वयाबरोबर वाढतो आणि कधी घटत नाही, त्यामुळे तिशीतल्या संशोधिकेची तुलना साठीतल्या प्राध्यापकांशी त्यावर करणे अन्यायाचे आहे. लेखक पहिला आहे की साठावा, हेही तो पाहत नाही.

विषयानुसार समायोजित केलेले आकडे याहून बरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचे आयसाइट हे साधन विनामूल्य आहे. पबमेडचे क्रमांक त्यात टाकले की सापेक्ष उद्धरण गुणोत्तर मिळते. १.० याचा अर्थ, त्या संस्थेच्या अनुदानावर झालेल्या त्याच क्षेत्रातील मध्यम निबंधाइतकी उद्धरणे. स्कोपसचाही असा क्षेत्रभारित आकडा आहे आणि तिथे १.०० ही जागतिक सरासरी असते. मुखकर्करोगाच्या शस्त्रक्रियेवर लिहिणारे लोक थोडे आणि स्तनाच्या कर्करोगाच्या औषधांवर लिहिणारे फार. या दोन क्षेत्रांतले कच्चे आकडे शेजारी ठेवून काहीच कळत नाही, समायोजित आकड्यांवरून थोडे तरी कळते.

स्वतःच्याच निबंधांनी दिलेली उद्धरणे वगळून मोजण्याची सोय स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स दोन्हींत आहे. दोन्ही आकडे द्या. एका चाचणीतून पुढची चाचणी निघते तेव्हा स्वतःला उद्धृत करणे स्वाभाविक असते, त्यात लपवण्यासारखे काही नाही.

नियतकालिकाचा प्रभावांक मात्र व्यक्तीच्या नोंदीत घालू नका. अर्जाच्या नमुन्यात रकाना असेल तरच भरा. हा आकडा नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील मजकुराची चालू वर्षातली सरासरी उद्धरणे सांगतो, तुमच्या निबंधाबद्दल काहीच सांगत नाही. कर्करोगाच्याच क्षेत्रात याचे ठळक उदाहरण आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ‘सीए’ या नियतकालिकाचा २०२२ चा प्रभावांक २५४.७ होता. त्याचे मुख्य कारण म्हणजे तिथे प्रसिद्ध होणारी कर्करोगाची आकडेवारी, उदाहरणार्थ ग्लोबोकॅन ही जगभरातील रुग्ण व मृत्यूंच्या अंदाजांची आकडेवारी. ती जगातले जवळजवळ सगळे कर्करोग-निबंध आपल्या पहिल्या परिच्छेदात उद्धृत करतात. त्याच अंकातील दुसरा लेख त्या उंचीवर आपोआप जात नाही. प्रभावांकावरून माणसाचे मूल्यमापन करू नये, असे २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे तयार झालेले डोरा हे जाहीरनामापत्र स्पष्ट म्हणते आणि ते मला पूर्णपणे पटते.

दरवर्षी आपल्या वर्तमानपत्रांत ‘जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञां’च्या बातम्या येतात. ही यादी स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन इओनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून तयार करतात. तिची पद्धत प्रसिद्ध आहे आणि ती लेखकाचे स्थान धरते हे तिचे बलस्थान आहे. परंतु तो विद्यापीठाने दिलेला सन्मान नाही. शिवाय तिच्या दोन याद्या असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक त्या एका वर्षाची. नोंद करताना कोणती यादी आणि कोणत्या वर्षाची आवृत्ती ते लिहा. ‘स्टॅनफर्डकडून गौरव’ अशी शब्दयोजना करू नका.

७. उद्धरणे वाचा

इथवरचे काम कोणतेही यंत्र बऱ्यापैकी करील. इथून पुढचे काम माणसाचे आहे आणि सर्वाधिक वेळ यालाच द्यावा असे माझे ठाम मत आहे.

सर्वाधिक उद्धृत पाच निबंध निवडा. प्रत्येकाला उद्धृत करणारे वीस-पंचवीस निबंध उघडा आणि उद्धरण कोणत्या वाक्यात आले आहे ते पाहा. मी चार शेरे वापरतो: केवळ पार्श्वभूमी, पद्धत उचलली, निष्कर्ष वापरला, निष्कर्षावर आक्षेप. पार्श्वभूमीचीच उद्धरणे बहुसंख्य निघतात. उरलेल्यांत खरी गोष्ट असते.

२०१५ च्या चाचणीचे पाहू. प्रश्न जुना होता. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसेल, तर मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच मानेतील ग्रंथी काढाव्यात, की वाट पाहावी आणि गाठ आली तरच काढाव्यात? विश्लेषणातील ५०० रुग्णांमध्ये आधीच ग्रंथी काढलेल्या गटात तीन वर्षांनी ८०.० टक्के रुग्ण जिवंत होते, वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. आता या निबंधाचा प्रभाव मांडताना ‘इतकी उद्धरणे’ एवढेच लिहिणे म्हणजे मुख्य गोष्ट गाळणे होय. ॲस्कोने २०१९ मध्ये तोंडाच्या व घशाच्या कर्करोगातील मानेच्या उपचारांवर मार्गदर्शिका काढली. अशी मार्गदर्शिका उघडून त्यात निबंध कोणत्या शिफारशीच्या पुराव्यात आहे ते पान क्रमांकासह लिहावे. एका मार्गदर्शिकेतील एक उद्धरण सूचीत एकच धरले जाते, पण त्यावरून शस्त्रक्रियागृहात निर्णय घेतले जातात.

२००९ च्या निबंधात एचपीव्हीची, म्हणजे या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या विषाणूची, तपासणी एकदाच केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्मे होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शिकेत एचपीव्ही डीएनए चाचणीला प्राधान्य दिले. या निबंधाची उद्धरणे वाचताना मात्र दुसरीही बाजू भेटते. भारतातील अशा चाचण्यांत तुलनेच्या गटातील स्त्रियांना तपासणी दिली गेली नाही, यावर गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले आणि २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये त्यावर सविस्तर टीका आली. ती टीका करणारे लेखनही सूचीत उद्धरण म्हणूनच मोजले जाते. नोंदीत ते प्रामाणिकपणे ‘आक्षेप’ या शेऱ्याखाली असावे. परीक्षकांना वाद ठाऊक असतो. तो नोंदीत दिसला नाही तर उरलेल्या नोंदीवरचाही त्यांचा विश्वास उडतो.

उपशामक सेवा, परिचर्या, पुनर्वसन आणि रुग्णांचे जीवनमान यांवरच्या कामाला उद्धरणे कमी मिळतात. इथे वेगळा पुरावा शोधा. उदाहरणार्थ, युरोपातील ईओआरटीसी या संघटनेची कर्करुग्णांच्या जीवनमानाची सी-३० ही प्रश्नावली मराठीत उपलब्ध आहे. असे भाषांतर तपासून प्रमाणित करण्याचे काम कुणी केले असेल, तर ती प्रश्नावली पुढे कोणकोणत्या चाचण्यांत वापरली गेली त्याची यादी द्या. तसेच एखादी तपासणी-पद्धत शासकीय कार्यक्रमात आली, नॅशनल कॅन्सर ग्रिड या देशातील कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्याच्या मार्गदर्शिकेत गेली, किंवा औषधाची मात्रा कमी करून उपचार रुग्णांच्या आवाक्यात आले, तर त्याचे कागदपत्र जोडा. टाटा मेमोरियलमधून २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी’त आलेली, निवोलुमॅब या कर्करोगावरील औषधाच्या २० मिलिग्रॅम इतक्या कमी मात्रेची चाचणी या प्रकारची आहे. तिची उद्धरणे २००९ च्या निबंधाशी ताडण्यात अर्थ नाही, कारण तिला तेवढी वर्षेच मिळालेली नाहीत.

८. मागे घेतलेले निबंध आणि बनावट नियतकालिके तपासा

यादीतील प्रत्येक निबंध पबमेडवर एकदा उघडून वर तो मागे घेतल्याची लाल पट्टी आहे का ते पाहा. शिवाय मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या माहितीसाठ्यात लेखकाचे नाव शोधा. हा साठा २०२३ पासून डीओआय क्रमांक नोंदणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेकडे असून सर्वांना खुला आहे. मागे घेतलेल्या निबंधाचीही उद्धरणे सूचीत तशीच राहतात आणि एच-निर्देशांकात धरली जातात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठातून २००६ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये आलेला, गाठीतील जनुकांवरून औषध निवडता येईल असे सांगणारा निबंध २०११ मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्या आधारावर रुग्णांवर चाचण्या सुरूही झाल्या होत्या. आपल्या यादीत असे काही निघाले, तर ते काढून न टाकता ‘मागे घेतला’ असा शेरा आणि तारीख लिहा.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांसाठी पूर्वी लोक जेफ्री बील यांची यादी पाहत. ती २०१७ मध्ये बंद झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली. त्यामुळे ‘केअर यादीत आहे’ हा आता पुरेसा दाखला नाही. नियतकालिक मेडलाइन (पबमेडचा निवडक गाभा), स्कोपस किंवा डीओएजे (खुल्या नियतकालिकांची सूची) यांत आज आहे का, आणि निबंध छापला त्या वर्षी होते का, हे दोन्ही स्वतः पाहा. चाचणीचा निबंध असेल तर नोंदणी क्रमांकही पडताळा. सीटीआरआयमध्ये एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच नोंदणी करावी लागते. त्यानंतर सुरू झालेल्या चाचणीचा क्रमांक निबंधात नसेल, तर संशोधकांना विचारून घ्या.

९. नोंद अशी मांडा

पहिल्या पानावर एक परिच्छेद, दुसऱ्यापासून यादी. परिच्छेदाचा नमुना असा:

“दिनांक ____ रोजी ____ या सूचीनुसार एकूण ____ निबंध, त्यांपैकी मूळ संशोधन ____, प्रथम अथवा पत्रव्यवहार लेखक म्हणून ____. एकूण उद्धरणे ____, स्वतःची वगळून ____, एच-निर्देशांक ____. मार्गदर्शिकांत समाविष्ट निबंध ____, तपशील परिशिष्टात. सहयोगी म्हणून नाव असलेले निबंध वेगळे दिले असून वरील संख्येत धरलेले नाहीत.”

यादीत प्रत्येक निबंधाला डीओआय आणि पबमेड क्रमांक हवाच, म्हणजे वाचणाऱ्याला एका क्लिकवर पडताळता येते. शोधासाठी वापरलेली नावाची रूपे आणि गाळण्या शेवटच्या पानावर द्या. हे बहुतेक जण करत नाहीत, पण पुढच्या वर्षी तुमच्या जागी दुसरे कुणी असेल तर त्याला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. अर्जात एच-निर्देशांकासाठी एकच छोटा चौकोन असेल, तर तिथे आकड्यापुढे सूचीचे नाव आणि महिना-वर्ष लिहावे. तेवढी जागा नसेल तर चौकोनात तारका टाकून खाली तळटीप द्यावी.

यानंतर संशोधकाकडे तो तासभर मागा. निबंध एकेक करून वाचून दाखवा. कोणता आपला नाही, कोणता राहिला, कोणत्या कामात बार्शीच्या किंवा एखाद्या तालुक्याच्या आरोग्यसेविकांचा वाटा होता आणि तो कुठे नोंदला गेला नाही, हे त्याच बैठकीत कळते. दुरुस्त्या झाल्यावर ऑर्किडचे पान अद्ययावत करा. क्रॉसरेफला आणि स्कोपसला त्याची स्वयंचलित जोडणी देता येते, मग नव्या निबंधांची भर बऱ्याच अंशी आपोआप पडते. तरीही वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये वार्षिक अहवालाआधी, संपूर्ण शोध त्याच नावांनी आणि त्याच गाळण्यांनी पुन्हा चालवा. जुनी फाइल न पुसता नव्या तारखेने वेगळी जतन करा.